औषध लागू पडले, हे कशावरून? : आनुवंशिक रातांधळेपणा आणि पुराव्याचा प्रश्न



विषय वाचून काहींच्या मनात आले असेल, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचे डोळ्यांच्या औषधाशी काय काम? शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, आणि आज इथे कुणाला औषध सांगायला आलेलो नाही. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. त्या शास्त्रात फिरून फिरून एकच प्रश्न येतो : ‘हे तुम्हाला कशावरून कळले?’ वर्गात हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. पण घरात एखाद्या तरुण मुलाची नजर हळूहळू जात असते, कुणीतरी सांगते की अमुक गोळीने फरक पडतो, आणि त्या गोळीसाठी आईबाप दागिने मोडायला निघतात, तेव्हा तोच प्रश्न जिवाशी येतो. म्हणून आज एकच आजार घेऊ आणि त्याच्यावरच्या औषधांचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास तर्काच्या डोळ्यांनी पाहू.

आजार कोणता?

आजाराचे नाव रेटिनायटिस पिगमेंटोझा. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही त्याला थोडक्यात ‘आरपी’ म्हणतात. साधारण चार हजारांत एकाला तो होतो. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, म्हणजे दृष्टिपटल, त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. शंकूपेशी भर उजेडात, रंग आणि बारकावे पाहण्यासाठी. आरपीमध्ये बहुधा आधी दंडपेशी मरतात. म्हणून पहिली तक्रार असते संध्याकाळची. दिवेलागणीला मूल ठेचकाळते, सिनेमाच्या थिएटरात खुर्ची सापडत नाही. घरचे म्हणतात, ‘धांदरट आहे.’ मग बाजूची नजर आकसत जाते. समोरचे अक्षर स्पष्ट दिसते, पण शेजारून येणारी सायकल दिसत नाही. बोगद्यातून किंवा नळीतून पाहावे तसे. पुढे कित्येक वर्षांनी शंकूपेशीही जाऊ लागतात, आणि मग मधली नजरही.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण केले, आणि अशा रुग्णांच्या पडद्यावर काळसर रंगद्रव्याचे ठिपके दिसू लागले. त्यावरून हे नाव पडले. पण नावातच एक घोटाळा आहे. ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. या आजाराचे मूळ मात्र दाहात नाही. मूळ आहे जनुकात, ते कळायला १९९० साल उजाडले. त्या वर्षी थॅडियस ड्रायजा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की काही घराण्यांमध्ये ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराची चूक आहे. त्यानंतर एकामागून एक जनुके सापडत गेली. आज साठहून अधिक जनुके अशी माहीत आहेत, की त्यांतल्या कुठल्याही एकातल्या बिघाडाने आरपी होऊ शकतो.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपण ज्याला एक आजार म्हणतो ते एकच नाव आहे; त्याच्याखाली साठ-एक निरनिराळी कारणे दडलेली आहेत. ‘ताप’ हे जसे नाव आहे, तसेच. तापावर औषध शोधतो म्हणणाऱ्याला आपण विचारतो, ‘अहो, कुठल्या तापावर? मलेरियाच्या की टायफॉइडच्या?’

गाजर खा, दिसेल

आता औषधाकडे वळू. आपल्याकडे रातांधळेपणा म्हटले की कुणीही सांगते : गाजर खा, पपई खा, शेवग्याचा पाला खा. सांगणारा चूक नसतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो आणि ते दिले की जातो, ही पक्की गोष्ट आहे. म्हणून तर लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पाजतात.

त्यामागची यंत्रणाही ठाऊक आहे. जॉर्ज वाल्ड यांनी १९३३ मध्ये दृष्टिपटलात ‘अ’ जीवनसत्त्व असल्याचे दाखवले, आणि पुढे १९६७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दंडपेशीतल्या ऱ्होडॉप्सिनमध्ये रेटिनाल नावाचा एक रेणू बसलेला असतो. तो ‘अ’ जीवनसत्त्वाचेच एक रूप. हा रेणू वाकलेला असतो. प्रकाशाचा कण आदळला की तो सरळ होतो, आणि तेवढ्याने पेशीला कळते की उजेड आला. पण सरळ झालेला रेणू पुन्हा कामाचा नसतो. तो शेजारच्या पेशींच्या थरात जातो, तिथे त्याला पुन्हा वाकवले जाते आणि परत पाठवले जाते. उंदरांच्या सापळ्यासारखे आहे हे : एकदा चाप उडाला की कुणीतरी तो पुन्हा लावावा लागतो. आपण पाहतो आहोत तोवर हा चाप लावण्याचा उद्योग अखंड चालू असतो.

आता मनुष्याचे मन कसे चालते बघा. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो. आरपीतही रातांधळेपणा येतो. तर मग आरपीत ‘अ’ जीवनसत्त्व द्यावे! ऐकायला किती सोपे आणि गोड. पण हा तर्क पायरी चुकलेला आहे. पाऊस पडला की अंगण ओले होते. म्हणून ओले अंगण दिसले की पाऊसच पडला असे ठरत नाही, कुणी सडा घातला असेल. आरपीच्या रुग्णाच्या रक्तात ‘अ’ जीवनसत्त्व बहुधा पुरेसे असते. त्याची पेशी उपाशी नसते, ती घडणीतच बिघडलेली असते.

तरीही, तर्क चुकला म्हणून निष्कर्ष खोटाच असतो असे नाही, हेही तर्कशास्त्रच सांगते. चुकीच्या वाटेनेही माणूस कधी मुक्कामी पोचतो. तेव्हा उरते ते एकच : करून पाहणे. आणि करून पाहणे ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही.

१९९३ ची चाचणी

बोस्टनमध्ये एलियट बर्सन या नेत्रतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोठ्या निष्ठेने करून पाहिले. १८ ते ४९ वयाचे ६०१ रुग्ण घेतले. त्यांचे चार गट केले. एका गटाला रोज १५,००० युनिट ‘अ’ जीवनसत्त्व. म्हणजे प्रौढ पुरुषाच्या रोजच्या गरजेच्या सुमारे पाचपट. दुसऱ्याला ‘अ’ आणि सोबत ४०० युनिट ‘ई’. तिसऱ्याला फक्त ‘ई’. चौथ्याला दोन्ही नाममात्र. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. चार ते सहा वर्षे हे चालले.

मोजायचे काय, हा प्रश्न होता. रुग्णाला ‘आता बरे दिसते का?’ असे विचारून भागत नाही. म्हणून त्यांनी ईआरजी हे मोजमाप धरले. डोळ्यासमोर प्रकाश लुकलुकवला की दृष्टिपटलातून एक विजेचा संदेश उठतो; त्याची उंची मोजायची. आरपीत ही उंची दरसाल घटत जाते.

निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अ’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ही घट थोडी मंदावलेली दिसली. आणि ‘ई’ घेणाऱ्यांत ती उलट अधिक वेगाने झालेली दिसली! अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने हा निष्कर्ष डॉक्टरांपुढे ठेवला. हिशेब असा मांडला गेला, की बत्तिशीच्या आसपास औषध सुरू केले, तर उपयोगी नजर सरासरी सात वर्षे जास्त टिकेल. सात वर्षे! ज्याला आजवर ‘काही उपाय नाही’ एवढेच ऐकावे लागले होते, त्याला ही सात वर्षे म्हणजे काय वाटले असेल, विचार करा.

पण त्याच वेळी काही जाणत्यांनी बोट ठेवले. फरक दिसला तो विजेच्या संदेशात. रुग्णाला प्रत्यक्ष किती विस्तार दिसतो, म्हणजे दृष्टिक्षेत्र, आणि तक्त्यावरची अक्षरे किती वाचता येतात, यांत गटागटांमध्ये ठोस फरक दिसला नव्हता. आणि सात वर्षांचा आकडा कुणी सात वर्षे पाहून आणलेला नव्हता. दिसलेली रेघ पुढे ताणून तो काढलेला होता. मापन ज्याचे केले ती एक गोष्ट, आणि हवी होती ती दुसरी. घरात वीज किती व्होल्टने येते हे मोजणे वेगळे आणि दिव्याखाली वाचता येते का हे पाहणे वेगळे. दोन्हींचा संबंध असतो, पण एकावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

कुंभाराचे गाढव

इथे थोडे थांबून आपल्याकडच्या नैयायिकांना बोलावू. कारण म्हणजे काय, यावर त्यांनी शतकानुशतके डोके चालवले आहे. ते म्हणतात, कार्याच्या आधी नेहमी असते ते कारण, एवढे म्हणून भागत नाही. कुंभार मडके करतो. त्याआधी माती गाढवाच्या पाठीवरून येते. मग गाढव हे मडक्याचे कारण का? नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते. गाढव आधी होते खरे, पण त्याच्यावाचून काही अडत नव्हते. अशाला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. आपल्या घरगुती भाषेत : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

दुसरी कल्पना ‘उपाधी’ची. धूर आहे म्हणजे विस्तव आहे, हे ठीक. पण विस्तव आहे म्हणून धूर असलाच पाहिजे का? तापलेल्या लोखंडात विस्तव असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. हे ओले सरपण म्हणजे उपाधी : आपल्या नजरेआड राहून दोन गोष्टींचा संबंध घडवणारी तिसरी गोष्ट.

औषधांच्या जगात गाढवे आणि ओली सरपणे पावलोपावली भेटतात. व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिडची हकीकत ऐका. हे फिट्सवरचे जुने औषध. २०१० च्या सुमारास आरपीच्या अवघ्या सात रुग्णांना ते काही महिने दिल्याचा अहवाल आला. त्यांचे दृष्टिक्षेत्र काहीसे वाढल्याचे दिसले. तुलनेला दुसरा गट नव्हता. औषध स्वस्त, बाजारात सहज मिळणारे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातले. मान्यता फिट्ससाठी असूनही काही डॉक्टर आरपीसाठी ते देऊ लागले.

आता उपाधी कुठे लपली होती ते पाहा. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत रुग्ण एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसतो आणि कडेला प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबतो. पहिल्या वेळी तो गोंधळतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सराव होतो, आणि तपासणीतला आकडा सुधारतो. डोळा मात्र होता तिथेच असतो. शिवाय आरपीच्या रुग्णाचे आकडे आज एक, उद्या दुसरे, असे मुळातच वरखाली होतात. आणि औषध चालू आहे ही आशा माणसाला बटणावर जास्त सावध बसवते. आशेने डोळे सुधारत नसले तरी बोट चलाख होते. म्हणजे सुधारलेला आकडा खरा, त्याआधी घेतलेली गोळीही खरी. पण गोळी ठरू शकते कुंभाराचे गाढव.

हे उलगडायचा मार्ग एकच. तसाच दुसरा गट हवा. त्याला तशीच दिसणारी लटकी गोळी द्यायची. आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चिठ्ठ्या का? तर आपल्याला माहीत असलेल्या उपाधी आपण वजा करू शकतो, पण माहीत नसलेल्यांचे काय? चिठ्ठीला कुणाचीच बाजू माहीत नसते, म्हणून माहीत नसलेल्या उपाधीही दोन्ही गटांत सारख्याच विखुरल्या जाण्याची शक्यता वाढते. आमच्या मते विसाव्या शतकाने ज्ञानमीमांसेला दिलेल्या मोठ्या देणग्यांत ही एक आहे.

तशी चाचणी अमेरिकेत झाली, ९० रुग्णांवर, प्रत्येकी वर्षभर. निष्कर्ष २०१८ मध्ये आला. औषधाने फायदा झाला नाही. उलट दृष्टिक्षेत्राच्या बाबतीत औषध घेणाऱ्यांची स्थिती लटकी गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली.

‘घेऊन पाहायला काय जाते?’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. त्याला हे उत्तर आहे. ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांचे गेले. व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड घेणाऱ्यांचे गेले.

तीस वर्षांनी फेरतपासणी

परत ‘अ’ जीवनसत्त्वाकडे येऊ. १९९३ नंतर अनेक देशांत आरपीच्या रुग्णांना ते लिहून दिले गेले. जसजशी जनुके सापडत गेली तसतशी एक जुनी शंका धारदार झाली. त्या ६०१ रुग्णांपैकी कोणाचे कुठले जनुक बिघडले होते, हे त्या वेळी बहुतेकांच्या बाबतीत माहीतच नव्हते. काहींचा आजार जात्याच सावकाश चालणारा, काहींचा झपाट्याने. मग दिसलेला फरक औषधाचा की जनुकांच्या वाटणीचा? २०२० मध्ये उपलब्ध चाचण्यांचा तटस्थ आढावा घेतला गेला. त्यात फायद्याचा स्पष्ट पुरावा हाती लागला नाही. आणि २०२३ मध्ये, बोस्टनमध्ये ज्या ठिकाणी हे काम झाले तिथल्याच संशोधकांनी जुन्या चाचण्यांची माहिती पुन्हा काढली, रुग्णांचे जनुकनिदान तिला जोडले, नव्या संख्याशास्त्राने ती पुन्हा मांडली. ‘अ’ जीवनसत्त्वाचा एकंदर फायदा दिसला नाही.

यात कुणाला विज्ञानाची फजिती दिसेल. ‘आज हो म्हणतात, उद्या नाही म्हणतात, कोणाचे ऐकायचे?’ आम्हाला यात उलटे दिसते. बर्सन यांच्या पिढीने कागद इतके नीट ठेवले, की तीस वर्षांनी पुढच्या पिढीला त्यांच्याच कागदांवरून त्यांना तपासता आले. ज्या दाव्याची फेरतपासणीच होऊ शकत नाही तो दावा कधी चुकत नाही, हे खरे. पण तो कधी बरोबरही ठरत नाही.

दरम्यान आणखी एक गोष्ट उमगली होती. स्टारगार्ट नावाचा दुसरा आनुवंशिक आजार आहे. त्यात दृष्टिपटलाचा मधला भाग आधी जातो. तिथे वापरलेल्या रेटिनालचा निचरा करणारे जनुकच बिघडलेले असते, आणि साचलेल्या गाळाने पेशी मरतात. अशा रुग्णाला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या देणे म्हणजे गटार तुंबलेल्या मोरीत नळ सोडून देणे. त्यांना या गोळ्या टाळायला सांगतात. शिवाय मोठ्या मात्रेत हे जीवनसत्त्व यकृताला आणि हाडांना अपायकारक ठरू शकते, आणि गरोदरपणात बाळात व्यंग निर्माण करू शकते.

म्हणजे पाहा : एकच पदार्थ. कुपोषित मुलाला तो दृष्टी देतो, आरपीच्या रुग्णाला त्याचा एकंदर फायदा दिसत नाही, स्टारगार्टच्या रुग्णाला तो घातक ठरू शकतो. ‘हे औषध चांगले आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कुणासाठी, कुठल्या बिघाडासाठी?’ हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

जिथे कारण सापडले

आता आशेची बाजू. मघाशी उंदराच्या सापळ्याचा चाप पुन्हा लावणारा कुणीतरी लागतो म्हटले. तो ‘कुणीतरी’ म्हणजे एक प्रथिन : आरपीई-६५. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर बाळपणापासून नजर अगदी अधू राहते. पेशी काही काळ जिवंत असतात, पण चाप लागत नाही म्हणून निरुपयोगी.

इथे कारण एक आहे आणि नेमके माहीत आहे. मग औषधाची दिशाही नेमकी ठरते. एक वाट अशी : चाप लावलेलाच रेणू बाहेरून द्यायचा, म्हणजे बिघडलेली पायरी वळसा घालून टाळायची. अशा कृत्रिम रेणूची १४ जणांवरची छोटी चाचणी २०१४ मध्ये छापून आली आणि अनेकांची दृष्टी सुधारल्याचे त्यात नोंदले गेले. पण तुलनेचा गट नव्हता. आता ते वाचताना तुम्हालाच गाढव आठवले असेल.

दुसरी वाट जनुकच पोचवण्याची. जनुकाची धड प्रत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरायची आणि शस्त्रक्रियेने दृष्टिपटलाखाली सोडायची. २००१ मध्ये याच बिघाडाने जन्मांध असलेल्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांना त्याने दिसू लागले. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर यांनी हे माणसांपर्यंत नेले. निर्णायक चाचणीत ३१ जण होते. आणि मोजले काय? इथे आम्हाला खरी प्रगती दिसते. त्यांनी एक वाट आखली. वळणे, अडथळे, बाणखुणा असलेली. ती वेगवेगळ्या उजेडात चालून दाखवायची. भर दिव्यांच्या ऑफिसात असतो तितक्या ४०० लक्सपासून खाली, १ लक्सपर्यंत. म्हणजे माणसाला जे हवे आहे, अंधुक उजेडात न ठेचकाळता चालणे, तेच मोजले. उपचार मिळालेल्या २० पैकी १३ जण वर्षभराने १ लक्सच्या उजेडात ती वाट पार करू शकले. तुलनागटातला एकही नाही. त्या गटालाही वर्षानंतर उपचार दिला गेला. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत लक्सटर्ना या नावाने त्याला मान्यता मिळाली.

पण याचीही मर्यादा ऐकून घ्या. हा उपचार फक्त त्या एका जनुकासाठी. आरपीच्या एकंदर रुग्णांतले अगदी थोडे त्यात बसतात. जिवंत पेशी उरल्या असतील तरच उपयोग. आणि किंमत : २०१८ मध्ये ती अमेरिकेत दोन्ही डोळ्यांचे मिळून साडेआठ लाख डॉलर होती. ज्ञानाचा प्रश्न सुटला की न्यायाचा प्रश्न उभा राहतो.

मग उरलेल्या एकोणसाठ जनुकांच्या रुग्णांचे काय? त्यांच्यासाठी जनुक कुठलेही असले तरी चालेल असा समान टप्पा शोधला जातो आहे. दंडपेशी प्राणवायू फार वापरतात. त्या मेल्या की तो शिल्लक राहतो आणि त्याचा मारा शंकूपेशींवर होतो, असा एक विचार आहे. त्यावर एन-अ‍ॅसिटिल-सिस्टीन, म्हणजे कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर वापरतात ते जुने औषध, देऊन पाहण्याची मोठी तुलनात्मक चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. विचार सयुक्तिक आहे. पण व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिडमागचा विचारही त्या वेळी सयुक्तिकच वाटत होता.

तोवर काय करायचे?

इथे तत्त्वज्ञ ‘वाट पाहा’ म्हणून मोकळा झाला तर तो बेजबाबदारपणा होईल. ‘औषध नाही’ आणि ‘करण्यासारखे काही नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले आज बहुतेकांच्या बाबतीत खरे आहे. दुसरे साफ खोटे.

आरपीत मधल्या दृष्टिपटलाला सूज येते, तिच्यावर थेंब आणि गोळ्या आहेत आणि अनेकांना त्यांचा उपयोग होतो. मोतीबिंदू लवकर होतो, त्याची शस्त्रक्रिया होते. म्हणून डोळे तपासत राहायचे. जनुकनिदान करून घेतले तर आपण साठांतले कोण हे कळते. उद्या नेमका उपचार आला तर दार कोणते ठोठवायचे ते ठाऊक असते. आणि स्टारगार्टचा रुग्ण ‘अ’ जीवनसत्त्व घेत बसत नाही.

शिवाय आपल्या कायद्यात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, नजरेची तीक्ष्णताच फक्त पाहत नाहीत. दृष्टिक्षेत्र ४० अंशांखाली आले तर ती अल्पदृष्टी, आणि १० अंशांखाली आले तर अंधत्व धरले जाते. हे मुद्दाम सांगतो. नळीतून दिसणारा माणूस वर्तमानपत्र वाचतो आणि रस्ता ओलांडताना पांढरी काठी धरतो. लोक म्हणतात, ‘सोंग करतोय.’ त्याचे सोंग नसते. त्याच्या नजरेचा आकारच तसा असतो. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळले, तर एखाद्या गोळीने होणार नाही एवढे त्याचे जगणे सुसह्य होईल.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : मामाच्या मुलीशी लग्न केल्याने हा आजार होतो का?*

लग्नाने आजार निर्माण होत नाही. पण काही प्रकारांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी होते. एकेक बिघडलेली प्रत बाळगणारे आईवडील स्वतः धडधाकट असतात. दर मुलाला धोका चारांत एक. जवळच्या नात्यात एकाच पूर्वजाची तीच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. मात्र आरपीच्या सगळ्याच प्रकारांना हे लागू नाही. काही एकाच पालकाकडून येतात, काही आईकडून मुलग्यांकडे. आणि एक कृपा करा : यावरून घरातल्या सुनेला दोष देऊ नका. बिघडलेली प्रत आहे हे ना तिला ठाऊक असते, ना तिच्या नवऱ्याला.

*प्रश्न : काही ठिकाणी पेशींचे इंजेक्शन देऊन खात्रीने नजर परत येते असे सांगतात. जावे का?*

जाण्याआधी चार प्रश्न विचारा. तुलनेचा गट होता का? मोजले काय, आकडा की चालणे-वाचणे? ज्यांना फायदा झाला नाही त्यांची नोंद कुठे आहे? आणि प्रयोग चालू असेल, तर रुग्णाकडून पैसे का घेता? या चौथ्या प्रश्नाला बरेचजण घुटमळतात. त्यांचे उत्तर ऐका, मग ठरवा.

*प्रश्न : पुरावा पूर्ण होईपर्यंत माझी नजर जाईल. मग मी पुराव्याची वाट का पाहावी?*

आजचा सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे, आणि त्याचे गुळगुळीत उत्तर देणे आम्हाला पटत नाही. तुमची घाई रास्त आहे. पण घाईचा एक शहाणा मार्ग आहे : एकट्याने कोपऱ्यात गोळी घेण्यापेक्षा रीतसर चाचणीत नाव घालावे. तिथे तुमच्यावर देखरेख असते, अपाय दिसला तर थांबवतात. आणि काहीच हाती लागले नाही, तरी तुमच्या मागून येणाऱ्याला एक वाट बंद असल्याचे कळते. चाचणीतल्या त्या ६०१ जणांपैकी ‘अ’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांना सात वर्षे मिळाली नाहीत बहुधा. पण आज कुणाच्या मुलाला दहा-दहा वर्षे त्या गोळ्या गिळाव्या लागत नाहीत, हे त्यांच्यामुळे. आम्ही याला वाया गेलेले म्हणणार नाही.

वेळ संपली आहे. इथे थांबू या.